न विचारलेला जाब

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

दहा महिन्यांपूर्वी आमच्या आठ जणांच्या गटाची प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. या गटात माझा एक जुना सहकारी आहे. सहा वर्षे आम्ही शेजारी शेजारी बसून काम केले आणि आज मला जे काम येते, त्यातले निम्मे त्यानेच शिकवलेले आहे. आम्ही एकमेकांना 'तू' म्हणतो. मी प्रमुख झाल्यापासून मात्र चारचौघांत तो मला 'तुम्ही' म्हणतो आणि ते मला प्रत्येक वेळी टोचते. गेल्या सहा महिन्यांपैकी चार महिने त्याचा मासिक अहवाल उशिरा आला आणि त्यातले दोन अर्धवटच होते. ते मी रात्री जागून पूर्ण केले. एकदा त्यातले चुकीचे आकडे तसेच वरिष्ठांपर्यंत गेले, तेव्हा ती चूक मी स्वतःवर घेतली. बैठकीत 'आपण सर्वांनीच वेळेचे भान ठेवायला हवे' असे मी म्हणते, त्यापलीकडे काही बोलू शकत नाही. तीनदा त्याच्याशी बोलायचे ठरवून त्याच्या टेबलापर्यंत गेले आणि इकडचे तिकडचे बोलून परत आले. त्याच्या घरी आजारपण आहे, असे दुसऱ्या कोणाकडून कानावर आले आहे. मागच्या आठवड्यात गटातल्या सर्वांत नव्या मुलीला मी अर्ध्या दिवसाच्या उशिरावरून बोलले. तिने शांतपणे विचारले, 'हा नियम सगळ्यांना आहे ना?' त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा स्वभावच मऊ आहे. मी या पदाला लायक नाही का? कठोर व्हायला कसे शिकायचे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना मी त्यात एक गोष्ट मुद्दाम शोधत होते आणि ती मला सापडली नाही. उशीर किती वेळा झाला ते पत्रात आहे, अर्धवट अहवाल किती होते ते आहे, तुम्ही किती रात्री जागलात तेही आहे. पण या सगळ्याबद्दल तुमच्या सहकाऱ्याचे स्वतःचे असे एकही वाक्य त्यात नाही. त्याच्या घरच्या आजारपणाची बातमीसुद्धा तुमच्यापर्यंत तिसऱ्याच कोणाकडून आली आहे. ज्या माणसाशेजारी तुम्ही सहा वर्षे बसलात, त्याच्या सहा महिन्यांच्या अडचणीबद्दल त्याला काय म्हणायचे आहे हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या पत्रातली मला सर्वांत गंभीर वाटलेली बाब ही आहे, स्वभावाचा मऊपणा नव्हे.

आपण 'जाब विचारणे' हा शब्दप्रयोग इतक्या चढ्या आवाजात ऐकत आलो आहोत, की त्याचा साधा अर्थ मागे पडला आहे. जाब म्हणजे जबाब, म्हणजे उत्तर. जबाबदारी हा शब्दही तिथूनच आला. जबाबदार म्हणजे ज्याने उत्तर द्यायचे तो. एखाद्याला जाब विचारणे म्हणजे मुळात त्याच्याकडे उत्तर मागणे, आणि उत्तर मागणाऱ्याला ते ऐकून घ्यावे लागते. तुम्ही या कृतीची कल्पना करता तेव्हा तुम्हाला स्वतःचे रागावणे दिसते, त्याचा उतरलेला चेहरा दिसतो, मोडलेली मैत्री दिसते. त्या चित्रात त्याच्या उत्तराला जागाच नाही. म्हणून तुम्हाला कठोर व्हायला शिकायचे आहे असे वाटते. मला वाटते, तुम्हाला विचारायला शिकायचे आहे.

तुम्ही म्हणता की तुम्ही त्याच्या बाबतीत काहीच करू शकलेल्या नाहीत. मला ते पटत नाही. गेले सहा महिने तुम्ही त्याचा हिशेब ठेवत आहात. प्रत्येक उशिराची नोंद तुमच्या मनात आहे, प्रत्येक जागरणाचे ओझे तुम्ही त्याच्या नावावर टाकलेले आहे, आणि त्याच्यावरचा तुमचा विश्वास थोडा थोडा करून कमी झालेला आहे. आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: या काळात एखादे महत्त्वाचे काम त्याच्याकडे न देता दुसऱ्याकडे दिलेत का? त्याच्याशी बोलताना आवाजात पूर्वीचा मोकळेपणा राहिला आहे का? तो 'तुम्ही' म्हणतो हे तुम्हाला टोचते, पण त्याने 'तू' म्हणावे इतक्या जवळ तुम्ही त्याला अजून येऊ देता का? मनातल्या मनात तुम्ही खटला चालवला आहे, साक्षीपुरावे तपासले आहेत आणि बहुधा निकालही दिला आहे. फक्त आरोपीला त्याची कल्पना दिलेली नाही. त्याला नुसते जाणवत असेल की काहीतरी बदलले आहे, आणि त्याचे कारण तो आपल्या परीने लावत असेल. 'प्रमुख झाल्यावर ही बदलली', हे त्यातले सर्वांत सोपे कारण आहे.

न विचारता राहिलेली जागा मन रिकामी ठेवत नाही. दुसऱ्याच्या चुकीचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचे, या माणसाच्या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली 'मूलभूत आरोपण दोष' असे नाव दिले. स्वतःचे काम रखडले तर आपल्याला कारणे माहीत असतात; दुसऱ्याचे रखडले तर तो आपल्याला बेफिकीर वाटू लागतो. सुरुवातीला तुम्हाला त्याची काळजी वाटली असेल, मग आश्चर्य वाटले असेल, आणि आता, पत्राच्या ओळींमधून मला दिसते, तुम्हाला त्याचा राग येतो आहे. गप्प राहून तुम्ही ज्या नात्याला जपत होता, ते नाते या गप्प राहण्यातच झिजत चालले आहे.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते, कारण हीच चूक मी केलेली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका विभागाची जबाबदारी माझ्याकडे होती. तिथल्या एका तरुण सहकाऱ्याचे मसुदे मला जवळजवळ पूर्ण नव्याने लिहावे लागत. तो मनापासून कष्ट करणारा होता, त्याला दुखवायचे माझ्या जिवावर येत असे, म्हणून मी ते गुपचूप दुरुस्त करून पुढे पाठवत राहिले. असे जवळजवळ वर्षभर चालले. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी मात्र खोटे लिहिणे शक्य नव्हते. मी त्याला समोर बसवून सांगितले की त्याचे लेखन अपेक्षेपेक्षा कमी पडते. तो चिडला नाही. त्याने एवढेच विचारले, 'तुम्हाला हे कधीपासून वाटतंय?' मी खरे ते सांगितले. त्यावर तो म्हणाला, 'मग तेव्हाच का नाही सांगितलंत?' माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याला दुखवू नये म्हणून मी थांबले होते, असे मी वर्षभर समजत होते. त्या क्षणी मला कळले की त्याचा दुखावलेला चेहरा पाहण्याचा त्रास मला नको होता म्हणून मी थांबले होते, आणि त्याची किंमत त्याने सुधारण्याच्या वर्षाने चुकवली होती. जाब विचारण्याचे काम माझे होते. शेवटी तो मलाच विचारला गेला, आणि तो योग्यच होता.

अशी चालढकल आपण दोघीच करतो असे मात्र समजू नका. अप्रिय बातमी पोहोचवण्याचे माणसे किती टाळतात, हे सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७० साली प्रयोगातून दाखवले. निरोप आनंदाचा असेल तर तो चटकन आणि पूर्ण सांगितला जातो. दुःखाचा असेल तर बातमीशी आपला काही संबंध नसतानाही सांगणारा अडखळतो, अर्धेच सांगतो. केवळ निरोप्याची ही अवस्था असेल, तर ज्या अप्रिय गोष्टीची निर्णयकर्ती आपणच आहोत ती सांगताना तुमचे पाय त्याच्या टेबलापाशी अडखळले, यात अपात्रतेचे लक्षण कोणते? आपल्या भाषेत याला 'वाईटपणा घेणे' म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग मला फार अचूक वाटतो. वाईटपणा हे एक ओझे आहे आणि ते कोणीतरी घ्यावेच लागते, हे त्यात गृहीत आहे. प्रमुखपदाबरोबर मान येतो, अधिकार येतो आणि हे ओझेही येते. नेमणुकीच्या पत्रात मात्र त्याचा उल्लेख नसतो.

पण हे ओझे नेमके कशाचे आहे, ते सुटे करून पाहायला हवे. त्यात एक भाग त्याला दुखावण्याच्या भीतीचा आहे. तो चांगला आहे, तो गमावू नका. दुसरा भाग त्याच्या मनातली आपली प्रतिमा डागाळेल या भीतीचा आहे. हा भाग मोठा असतो आणि तो पहिल्याच्या आडोशाने राहतो. आणि तुमच्या बाबतीत मला तिसराही एक भाग दिसतो, ज्याचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. ज्याने आपल्याला काम शिकवले त्याच्या पुढे आपण गेलो, याचे तुम्हाला अपराधी वाटते आहे. त्याचे अर्धवट अहवाल रात्री पूर्ण करणे हे तुम्ही त्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून करत आहात, असा मला दाट संशय आहे. तुमचे पद हे त्याच्याकडून घेतलेले कर्ज नाही. त्याने जे शिकवले त्याबद्दल कृतज्ञता जरूर असावी, ती त्याला शब्दांत सांगावी, पण ती अहवालांच्या हप्त्यांत फेडण्याची गोष्ट नव्हे. ज्याने तुम्हाला काम नीट करायला शिकवले, त्याचेच अपुरे काम तुम्ही झाकत राहता, तेव्हा त्याच्या शिकवण्याचाही मान राखला जात नाही.

'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपण पैशाच्या व्यवहारात वापरतो. इथे ती वेगळ्या अर्थाने खरी होते, कारण तुमच्या भिडेची झळ दुसऱ्याच कोणाला तरी लागली आहे. तो वाईटपणा तुम्ही त्याच्या बाबतीत घेतला नाहीत, पण तो नाहीसा झाला नाही. अर्ध्या दिवसाच्या उशिरासाठी तो त्या नव्या मुलीच्या वाट्याला गेला. ती जुनी मैत्रीण नव्हती, तिने तुम्हाला काही शिकवलेले नव्हते, तिच्याशी बोलताना काही गमावण्याची भीती नव्हती. सहा महिने साठलेला राग जिथे उतार मिळाला तिथे वाहून गेला. मला वाटते, तुम्हाला त्या रात्री झोप न लागण्याचे कारण हेच होते, आणि ती झोप न लागणे ही तुमच्या पत्रातली सर्वांत आश्वासक गोष्ट आहे.

तिचा प्रश्न हा गटातल्या उरलेल्या सगळ्यांचा प्रश्न आहे, हेही लक्षात घ्या. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चौघाचौघांच्या गटांना थोडे पैसे देऊन ते सामाईक निधीत टाकण्याची मुभा दिली होती. निधी वाढला की फायदा सर्वांना समान मिळणार होता, मग कोणी पैसे टाकलेले असोत वा नसोत. काहींनी टाळाटाळ केली आणि त्यांना कोणी काही करू शकत नाही असे दिसले, तेव्हा फेरीगणिक इतरांचाही हात आखडत गेला. टाळाटाळ करणाऱ्याला दंड करण्याची सोय झाल्यावर मात्र निधी पुन्हा वाढला. यातली एक अट मला विशेष महत्त्वाची वाटते: दंड करणाऱ्याला स्वतःचेही पैसे खर्चावे लागत होते. म्हणजे वाईटपणा घेणे तिथेही फुकट नव्हते. मी तुम्हाला कोणाला दंड करायला सांगत नाही. गटातली प्रामाणिक माणसे काय पाहत असतात आणि कशामुळे हळूहळू थंड पडतात, एवढेच मला यातून दाखवायचे आहे. बैठकीतले तुमचे 'आपण सर्वांनीच' त्यांना चांगले समजते. 'लेकी बोले सुने लागे' या रीतीने बोललेले वाक्य ज्याच्यासाठी असते तो ते ऐकत नाही, आणि ज्यांनी वेळेवर काम केलेले असते त्यांना ते विनाकारण लागते. ते वाक्य आजपासून बंद करा. आणि त्याच्याशी बोलण्याच्याही आधी त्या मुलीशी बोला. तिला सांगा की नियम सगळ्यांना आहे, तो तुम्ही सारखा लावला नाहीत, आणि तिच्या प्रश्नाबद्दल तुमच्या मनात राग नाही. त्याचे नाव घेऊ नका, त्याच्याशी काय बोलणार ते सांगू नका. तिला तेवढे पुरेल. तुम्हालाही या संभाषणाचा उपयोग होईल, कारण चूक कबूल करताना आवाज कसा लागतो, हे पुढच्या मोठ्या बोलण्याआधी तुम्ही ऐकलेले असेल.

आता त्या बोलण्याकडे येते. बोलले की माणूस सुधारतोच, असे मी तुम्हाला सांगणार नाही. अवी क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली कामाबद्दलच्या अभिप्रायांवरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा त्यानंतर काम आणखी बिघडलेले आढळले. त्यांच्या मते, अभिप्रायामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष कामावरून निघून स्वतःवर, म्हणजे 'मी कसा आहे' या प्रश्नावर गेले, की त्याचा परिणाम उणावतो. म्हणून 'तू पूर्वीसारखा राहिला नाहीस', 'तुझं लक्ष नसतं', 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती', ही वाक्ये ओठांवर आली तरी गिळून टाका. ती ऐकणारा अहवालाचा विचार करत नाही, आपल्या अब्रूचा विचार करतो. स्तुतीचीही फार पेरणी करू नका. आधी चार गोड शब्द, मध्ये तक्रार आणि शेवटी पुन्हा गोड शब्द, अशी रचना पुष्कळांना शिकवली जाते. पण सहा वर्षे तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाला त्यातला बनाव पहिल्या वाक्यातच कळेल.

जागा बंद दाराची असावी, वेळ दिवस संपण्याच्या घाईची नसावी, आणि कशाबद्दल बोलायचे आहे हे त्याला आदल्या दिवशी सांगितलेले असावे. 'तू' म्हणूनच बोला. त्या दिवशी तुम्ही 'तुम्ही' वर गेलात तर तो पदाचा आवाज ऐकेल, आणि सहा वर्षांचे नाते त्याच क्षणी निरुपयोगी होईल. सुरुवात साधारण अशी करता येईल: 'गेल्या सहा महिन्यांत चार अहवाल उशिरा आले आणि त्यातले दोन अपुरे होते. ते मी रात्री बसून पुरे केले आणि तुला सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं, ती माझी चूक आहे. आता मला तुझ्याकडून कळायला हवं, हे का होतंय?'

आणि मग थांबा. या सगळ्या संभाषणात अवघड जागा कोणती असेल तर ही. प्रश्न विचारल्यानंतरची शांतता मऊ मनाच्या माणसाला सहन होत नाही. ती भरून काढण्यासाठी आपणच त्याच्या वतीने उत्तर देऊ लागतो: 'म्हणजे मला कळतं, तुझ्यावर ताण असेल, तसं फार काही बिघडलेलं नाही...' एवढे बोललो की जाब पुन्हा न विचारलेला होतो. त्याला उत्तर शोधायला वेळ लागेल. तो वेळ त्याचा आहे, तो त्याला घेऊ द्या. या वेळी 'मला हे बोलायला किती जड जातंय' हेही सांगू नका. ते खरे असले तरी त्यामुळे तुमची समजूत काढण्याचे काम त्याच्यावर येते, आणि तो चांगला माणूस असल्यामुळे ते करील. मग तुम्ही दोघेही हलक्या मनाने उठाल आणि पुढचा अहवाल पुन्हा उशिरा येईल.

तो काय उत्तर देईल, ते मला सांगता येणार नाही. कदाचित आजारपणाची गोष्ट खरी असेल आणि ती तुम्ही ऐकली आहे त्यापेक्षा मोठी असेल. तसे असेल तर तुमच्या दयाळूपणाला आता खरे काम आहे. पण ते उघडपणे करा: कोणते काम किती दिवस कमी करायचे, ते कोणाकडे द्यायचे, गटाला काय आणि किती सांगायचे, हे त्याच्याबरोबर बसून ठरवा. सवलत आणि पांघरूण यांत हा फरक आहे की सवलत दोघांना माहीत असते आणि तिला मुदत असते. पांघरूण एकानेच घातलेले असते आणि ते कधी काढायचे हे कोणालाच ठाऊक नसते.

कदाचित तो म्हणेल की ते पद त्याला मिळायला हवे होते. तुम्हाला याच उत्तराची सर्वांत जास्त भीती वाटते, असा माझा अंदाज आहे. ते आले तर वाद घालू नका आणि माफीही मागू नका. त्याला ते दुःख असू शकते, त्यात गैर काही नाही, आणि सहा महिने ते अहवालांच्या आडून बोलत असण्यापेक्षा एकदा तोंडाने बोलले गेले तर बरेच. 'तुला तसं वाटणं मी समजू शकते. तरीही अहवाल वेळेवर यायला हवेत,' ही दोन्ही वाक्ये एकापाठोपाठ बोलता येतात. दुसरे वाक्य बोलल्याने पहिले खोटे ठरत नाही. कदाचित तो रडेल. पाणी द्या, थोडा वेळ थांबा, हवे तर दुसऱ्या दिवशी उरलेले बोला, पण विषय सोडून देऊ नका. कदाचित तो तुमच्यातलीच एखादी उणीव दाखवील: अहवालात नेमके काय हवे हे कधी स्पष्ट केले नाहीत, किंवा तारीख दर महिन्याला बदलते. ते खरे असेल तर लिहून घ्या आणि बदला. उत्तर मागणाऱ्याने असे उत्तरही ऐकायची तयारी ठेवावी लागते.

उठण्यापूर्वी एक तारीख, अहवालात काय असायलाच हवे याची स्पष्ट कल्पना, आणि अडचण आल्यास त्याने किती दिवस आधी सांगायचे, एवढे ठरले पाहिजे. ते दोन ओळींत लिहून दोघांकडे ठेवा. त्या लिखाणाने मैत्रीचा अपमान होत नाही. दोघांच्या आठवणी पुढे वेगळ्या निघू नयेत, एवढीच त्यामागची काळजी आहे. आणि त्या दिवसापासून त्याचा अहवाल रात्री पूर्ण करणे थांबवा. अपुरा आला तर सकाळी त्याच्याकडे परत द्या. वरिष्ठांना उशीर कळवावा लागला तर कळवा. एकदा असे झाले तर काही कोसळणार नाही. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही ती वेळ येऊच दिली नाहीत, म्हणून ती एवढी भयंकर वाटते.

आणि एवढे करूनही काही बदलले नाही तर? ते घडू शकते, आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तेव्हा पुढचे पाऊल काय असेल ते त्याला आधी सांगा: अहवालाचे काम त्याच्याकडून काढणे, वरिष्ठांना लेखी कळवणे, संस्थेच्या नियमांत जे असेल ते. जे करणार नाही ते बोलू नका, आणि जे बोललात ते टाळू नका. त्यात मैत्री राहीलच अशी हमी मला देता येत नाही. काही मैत्र्या अशा वेळी तुटतात आणि ते दुःख खरे असते; पदावरच्या माणसाला ते होऊ नये असे कुठेही लिहिलेले नाही. मात्र ते त्याला समोर बसवून, त्याचे ऐकून घेतल्यानंतर झालेले दुःख असेल. त्याच्या पाठीमागे मनात साठवलेल्या नोंदींमधून झालेले नसेल.

तुम्ही या पदाला लायक आहात की नाही, असे विचारले आहे. ज्याला हे सगळे अवघड जात नाही, सहकाऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून ज्याच्या पोटात काही हलत नाही, अशा प्रमुखाची मला जास्त काळजी वाटते. तुमचा मऊपणा तसाच राहू द्या. तो त्याचे उत्तर नीट ऐकून घ्यायला लागणार आहे.

शेवटी त्या संध्याकाळबद्दल. बोलणे झाल्यावर घरी गेलात की तुम्हाला फार रिते वाटेल. आपण जरा जास्तच बोललो का, त्याने जेवताना काय विचार केला असेल, उद्या तो समोर आला तर काय, असे सगळे मनात येईल, आणि हात फोनकडे जाईल. 'वाईट वाटून घेऊ नकोस, मला तसं म्हणायचं नव्हतं', असा एक संदेश तुम्ही मनात तयारही केलेला असेल. तो पाठवू नका. तुम्हाला तसेच म्हणायचे होते, आणि त्याने दिलेले उत्तर त्याला रात्रभर स्वतःपाशी ठेवू द्या. सकाळी त्याच्या टेबलाजवळून जाताना नेहमीसारखे थांबा, नेहमीसारखे बोला, आणि अहवालाचा विषय ठरलेल्या तारखेपर्यंत काढू नका.